दोष, चूक आणि जबाबदारी : 'हमार्तिया'चा नैतिक आशय

१

साहित्यशास्त्रातील संज्ञा ही अभ्यासकाच्या हातातील तटस्थ साधने असतात, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. 'कथानक', 'स्थित्यंतर', 'अभिज्ञान' या संज्ञांपुरते हे गृहीतक बऱ्याच अंशी ग्राह्यही आहे. कलाकृतीच्या रचनेतील एखादे वळण त्या दाखवून देतात आणि तेथे त्यांचे काम संपते. 'हमार्तिया' ही ॲरिस्टॉटलची संज्ञा मात्र या वर्गात बसत नाही. शोकात्म नायकाचा अधःपात कशामुळे होतो, या प्रश्नाचे उत्तर म्हणून ती आलेली आहे. त्यामुळे तिच्यासाठी जो मराठी पर्याय योजावा, त्याच्यासोबत नायकाविषयीचा एक नैतिक निर्णयही वाचनात प्रवेश करतो. 'स्वभावदोष' म्हटले की नायक आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. 'प्रमाद' म्हटले की त्याच्या अनवधानाकडे लक्ष जाते. 'चूक' म्हटले की प्रश्न काहीसा खुला राहतो.

सोफोक्लीजच्या 'राजा ईडिपस' या नाटकाच्या संदर्भात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. विंदा करंदीकरांनी १९५७ साली 'पोएटिक्स'चा मराठी अनुवाद सिद्ध केला, पु. ल. देशपांडे यांचे 'राजा ओयदिपौस' १९७९ साली आले. म्हणजे सिद्धान्तग्रंथ आणि त्या सिद्धान्ताचा आदर्श मानलेली नाट्यकृती, दोन्ही मराठी वाचकाला दीर्घकाळ उपलब्ध आहेत. तरीही पदव्युत्तर वर्गांतून या नाटकाविषयी जे उत्तर वारंवार लिहिले जाते, ते जवळजवळ ठरलेले असते : ईडिपसचा ऱ्हास त्याच्या अहंकारामुळे, शीघ्रकोपीपणामुळे किंवा उतावीळपणामुळे झाला. हा अनुभव केवळ मराठी वर्गांचा नाही. ई. आर. डॉड्स यांनी १९६६ साली या नाटकाच्या गैरसमजांविषयी लिहिलेला प्रसिद्ध निबंध विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील उत्तरांपासूनच सुरू होतो.

या ठरावीक उत्तरामागे एक नैतिक गृहीतक दडलेले आहे. एवढे दुःख वाट्याला आले, त्या अर्थी माणसाचे काहीतरी चुकले असलेच पाहिजे, हे ते गृहीतक होय. शोकात्मिकेच्या आस्वादाच्या दृष्टीने आणि नीतिविचाराच्या दृष्टीनेही ते तपासून पाहणे आवश्यक आहे. जे माणसाने जाणूनबुजून केलेले नाही, परंतु जे त्याच्याच हातून घडलेले आहे, त्याचे माप कोणत्या शब्दाने घ्यावयाचे, हा येथील मूळ प्रश्न आहे.

२

'पोएटिक्स'च्या तेराव्या प्रकरणात ॲरिस्टॉटल नायकाच्या स्थित्यंतराचे पर्याय एकेक करून बाजूला सारतो. सर्वथा सज्जन माणूस सुखातून दुःखात गेला, तर प्रेक्षकाला करुणा वा भीती वाटत नाही, किळस वाटते. दुर्जन सुखी झाला, तर ते शोकात्मतेपासून सर्वांत दूरचे ठरते. दुर्जनाचा नाश झाला, तर न्यायभावना सुखावते, पण करुणा जागी होत नाही. मग उरतो तो या दोहोंच्या मधला माणूस. सद्‌गुण आणि न्यायबुद्धी यांत तो असाधारण नाही. पण त्याचा अधःपात दुष्टपणामुळे वा नीचपणामुळे होत नाही, एखाद्या 'हमार्तिया'मुळे होतो. उदाहरणादाखल ईडिपस आणि थायेस्टीस यांची नावे येतात. मात्र ईडिपसची हमार्तिया नेमकी कोणती, हे ॲरिस्टॉटल सांगत नाही.

या विवेचनात करुणेची जी अट घातली आहे, ती निर्णायक आहे. ज्याची योग्यता नसताना ज्याच्यावर आपत्ती कोसळते, त्याच्याविषयी करुणा वाटते. जो आपल्यासारखा आहे, त्याच्याविषयी भीती वाटते. आता हमार्तिया म्हणजे नायकाच्या स्वभावातील दोष आणि आपत्ती म्हणजे त्या दोषाचे फळ, असे मानले तर काय होते? आपत्ती त्या प्रमाणात 'योग्य' ठरते, आणि ती जितकी योग्य ठरेल तितकी करुणा आटत जाते. ज्या संज्ञेने करुणेची शक्यता निर्माण करावयाची, तीच करुणेचा पाया काढून घेते. स्वभावदोषाचा अर्थ स्वीकारला तर ॲरिस्टॉटलची स्वतःची मांडणीच आतून ढासळते.

उलट बाजूचा आक्षेपही तितकाच विचारार्ह आहे. ईडिपस पूर्णतः निर्दोष असेल आणि घडलेल्या घटनेशी त्याचा संबंध केवळ योगायोगाचा असेल, तर मग त्याचे दुःख पहिल्या पर्यायात जाऊन पडते आणि किळसवाणे ठरते. अंगावर दरड कोसळून मेलेल्या माणसाविषयी हळहळ वाटते. त्यातून शोकात्मिका उभी राहत नाही. तेव्हा हमार्तियाने दोन गोष्टी एकाच वेळी साधावयाच्या आहेत : आपत्ती ही नायकाच्या कृतीतून यावी, आणि तरीही ती त्याच्या दुष्टतेचे फळ नसावी. कृती त्याची, पण अपराध त्याचा नाही, अशा अरुंद पट्टीवर ही संज्ञा उभी आहे. तिचा कोणताही अनुवाद या पट्टीवर उभा राहू शकतो की नाही, ही त्याची कसोटी होय.

३

मग 'दोष' हा अर्थ या संज्ञेला कोठून चिकटला? ग्रीकमधील मूळ क्रियापदाचा होमरपासूनचा एक अर्थ नेम चुकणे असा आहे. 'इलियड'मध्ये फेकलेला भाला लक्ष्यावर न लागता बाजूने जातो, तेव्हा हेच क्रियापद येते. पुढे नव्या कराराच्या ग्रीकमध्ये 'हमार्तिया' हा पापवाचक शब्द झाला. ख्रिस्ती परंपरेत वाढलेल्या युरोपीय वाचकाला त्यात अंतःकरणाच्या भ्रष्टतेचा स्वर ऐकू येणे स्वाभाविक होते. दुसरा प्रभाव शेक्सपिअरच्या समीक्षेचा. ए. सी. ब्रॅड्ली यांनी १९०४ साली 'शेक्सपिरियन ट्रॅजेडी'त शोकात्म घटनेचे मूळ नायकाच्या व्यक्तित्वात आणि त्यातून निघणाऱ्या कृतीत शोधले. मॅक्बेथ वा ऑथेल्लो यांच्यापुरती ही दृष्टी फलदायी आहे, यात शंका नाही.

मराठीत शोकात्मिकेचा परिचय प्रामुख्याने शेक्सपिअरच्या द्वारा झाला, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे जे रूपांतर १८८३ साली प्रसिद्ध केले, त्याचे नाव 'विकारविलसित' असे आहे. ते ब्रॅड्लींच्या ग्रंथापूर्वीचे आहे. तरीही नाट्याचे केंद्र मनोविकारांच्या खेळात पाहण्याची दृष्टी त्या नावातच व्यक्त झाली आहे. सोफोक्लीजच्या नाटकांची गाठ मराठी अभ्यासकाशी पडली, तेव्हा ही दृष्टी आधीच रुजलेली होती. शेक्सपिअरसाठी घडविलेला साचा सोफोक्लीजवर बसविला गेला.

नाटकाची संहिता मात्र हा साचा स्वीकारत नाही. ईडिपसचा संताप प्रेक्षकाला दिसतो, तो टायरेसियसशी आणि क्रिऑनशी झालेल्या संघर्षांत. परंतु पितृवध आणि मातेशी विवाह या दोन्ही घटना नाटक सुरू होण्यापूर्वी वर्षानुवर्षे घडून गेलेल्या आहेत. ॲरिस्टॉटलनेही चौदाव्या प्रकरणात ईडिपसचे भीषण कृत्य नाटकाबाहेरचे आहे, असे नोंदविले आहे. आज दिसणारा राग कालच्या घटनेचे कारण होऊ शकत नाही. तीन रस्त्यांच्या फाट्यावर तो रागावला होता हे खरे. पण तेथे पहिला आघात लायसच्या बाजूने झाला होता. शिवाय रागाने वधाचे स्पष्टीकरण मिळते, विवाहाचे मिळत नाही. जोकास्टाशी त्याचा विवाह झाला, तो स्फिंक्सच्या कोड्यातून नगरीला सोडविल्याचे पारितोषिक म्हणून. राहिला शोधाचा आग्रह. प्लेगने ग्रासलेल्या नगरीसाठी राजाने तो धरला नसता, तर त्याला राजा म्हणून दूषण द्यावे लागले असते.

'अहंकार' हा पर्यायही तपासून घ्यावा लागेल. ग्रीक 'ह्यूब्रिस' हा शब्द स्वतःविषयीच्या फाजील अभिमानापुरता नाही. दुसऱ्याचा अवमान करणारी, त्याला हीन लेखून आनंद मिळविणारी कृती असा त्याचा आशय आहे, आणि अथेन्सच्या कायद्यात तो खटल्यास पात्र असा गुन्हा होता. 'पोएटिक्स'मध्ये शोकात्मिकेचे कारण म्हणून ही संज्ञा येत नाही. नाटकातील वृंद एका गीतात ह्यूब्रिसचा उल्लेख करतो हे मान्य करूनही, त्या गीताचा रोख ईडिपसच्या कोणत्या कृतीवर आहे, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. त्या एका उल्लेखावर नायकाचे संपूर्ण चरित्र उभे करणे संहितेला धरून होणार नाही.

४

अनुवादाच्या प्रश्नात मराठीजवळ एक अशी सोय आहे, की जिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. 'चुकणे' हे मराठी क्रियापद ग्रीक क्रियापदाच्या मूळ अर्थक्षेत्राशी आश्चर्यकारक रीतीने जुळते. नेम चुकतो, वाट चुकते, हिशेब चुकतो, जत्रेत मूल चुकते. यांतल्या एकाही प्रयोगात चुकणाऱ्याच्या शीलावर ठपका नाही. वाट चुकलेल्या माणसाला कोणी पापी म्हणत नाही. तरीही ज्या वाटेने तो गेला, ती त्याच्याच पायांनी चाललेली असते. त्याच धातूचे प्रयोजक रूप 'चुकविणे' म्हणजे टाळणे, हुलकावणी देणे. डेल्फीचे भाकीत चुकविण्यासाठी ईडिपस कॉरिंथ सोडतो आणि त्या चुकविण्यातच चुकतो. नाटकाचा सारा उपरोध मराठीत एका धातूच्या दोन रूपांत सामावतो. 'दोष' या शब्दात हे सामर्थ्य नाही. तो वस्तूला वा व्यक्तीला चिकटलेला असतो. चूक घडते, दोष असतो.

या भेदाला ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रातही आधार आहे. 'निकोमेकियन एथिक्स'च्या पाचव्या भागात तो दुसऱ्याला झालेल्या हानीचे प्रकार वेगळे करतो. जी हानी अजाणता आणि कोणत्याही वाजवी अपेक्षेविरुद्ध घडते, ती दुर्दैवी घटना. जी अजाणता, परंतु वाजवी अपेक्षेच्या कक्षेत राहून आणि दुष्टपणाविना घडते, ती चूक. जी जाणून पण पूर्वविचार न करता, उदाहरणार्थ रागाच्या भरात होते, ते अन्यायाचे कृत्य. आणि जी निवडपूर्वक केली जाते, तिच्यामुळे कर्ताच अन्यायी ठरतो. याच विवेचनात, समोरच्यावर प्रहार करणाऱ्याला तो आपला पिता आहे हे ठाऊक नसू शकते, असे उदाहरण येते. ईडिपसचे नाव तेथे नाही. पण त्याची कथा ठाऊक असलेल्या वाचकाला वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

अर्थात यामुळे प्रश्न सर्वस्वी सुटतो असे नाही. पित्याचा वध तुझ्या हातून होईल, हे भाकीत ऐकलेल्या माणसाने वयाने वडिलांसारख्या असलेल्या कोणावरही हात उगारावयास नको होता, असे म्हणता येईल. कॉरिंथमध्ये एका मद्यप्याने त्याच्या जन्माविषयी शंका घेतली होती आणि डेल्फीने तिचे निरसन केले नव्हते. या बाजूने पाहिल्यास घटना वाजवी अपेक्षेच्या कक्षेत येते. दुसऱ्या बाजूने, पॉलिबस हाच आपला पिता अशी श्रद्धा असलेल्या आणि आघात झाल्यावर प्रतिकार करणाऱ्या माणसाकडून यापेक्षा अधिक सावधपणाची मागणी करणे कठीण आहे. दुर्दैव आणि चूक यांच्यामधील सीमारेषा ज्या ठिकाणी पुसट होते, नेमके तेथे सोफोक्लीजने आपले नाटक उभे केले आहे. यान ब्रेमर यांनी १९६९ साली हमार्तियाचा अर्थ मुख्यतः बौद्धिक चूक असा केला, टी. सी. डब्ल्यू. स्टिंटन यांनी १९७५ साली तिचा पैस अधिक व्यापक असल्याचे दाखविले आणि परिस्थितीने सौम्य ठरणाऱ्या नैतिक स्खलनालाही त्यात जागा दिली. 'चूक' हा शब्द या दोन्ही टोकांना सामावून घेतो, हे त्याच्या बाजूने आणखी एक कारण.

५

चूक हा शब्द स्वीकारल्यावर एक नवा आणि अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. केवळ चूकच होती, तर ईडिपस आपले डोळे का फोडून घेतो? स्वतःला अपराधी मानल्याशिवाय माणूस स्वतःला एवढी शिक्षा करील काय?

संहितेनेच या प्रश्नाचे उत्तर सूचित केले आहे. राजवाड्यात घडलेले सांगण्यासाठी बाहेर आलेला सेवक, आता कानावर येणारे अनर्थ स्वेच्छेने केलेले आहेत, अनिच्छेने घडलेले नाहीत, असा भेद आरंभीच करतो. पुढे, कोणत्या देवाने हे करविले, असे वृंद विचारतो, तेव्हा ईडिपस अपोलोचे नाव घेतो. पण डोळ्यांवर पडलेला घाव आपल्याच हाताचा आहे, हेही सांगतो. ज्या आयुष्यात सर्व काही त्याच्या नकळत घडत गेले, त्यात ही पहिली पूर्णपणे जाणून केलेली कृती आहे. तिला शिक्षा म्हणण्यापेक्षा स्वीकार म्हणणे अधिक युक्त होईल. जे माझ्या हातून झाले, ते माझे आहे; त्याचा हेतू माझा नसला तरी.

'ईडिपस ॲट कलोनस'मध्ये याची दुसरी बाजू दिसते. सोफोक्लीजच्या अखेरच्या वर्षांतील हे नाटक त्याच्या मृत्यूनंतर, इ. स. पू. ४०१ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील वृद्ध ईडिपस आपण अजाणता वध केला, कायद्याच्या दृष्टीने आपण शुद्ध आहोत, असे ठामपणे सांगतो. दोन नाटकांत विसंगती आहे, असे यावरून वाटू शकते, आणि त्यांच्यामधील वर्षांचे अंतर पाहता एकाच्या आधारे दुसरे वाचणे सावधपणेच केले पाहिजे. तथापि कलोनसचा ईडिपस अपराध नाकारतो, कृती नाकारत नाही. हात माझा होता, हे त्याने कधीच मागे घेतलेले नाही.

अथेन्सच्या प्रेक्षकाला हा भेद अपरिचित नव्हता. तेथे हेतुपुरस्सर वधाचा खटला अरिओपागसपुढे, अहेतुक वधाचा पॅलेडियनपुढे आणि कायदेशीर ठरणाऱ्या वधाचा डेल्फिनियनपुढे चाले. अहेतुक वध करणाऱ्यालाही देश सोडावा लागे. रक्तपाताने येणाऱ्या अशुद्धतेला ग्रीकमध्ये 'मिआस्मा' असे नाव आहे. तिचा संबंध हेतूशी नसून घडलेल्या गोष्टीशी असे. 'विटाळ' हा तिचा मराठी पर्याय सहज सुचतो. परंतु येथेही शब्द आपला इतिहास सोबत घेऊन येतो. मराठी समाजात विटाळाचा आरोप जन्मावरून माणसांवर लादला गेला, आणि चोखामेळ्यापासून त्याविरुद्ध प्रश्न विचारले गेले. नाटकात थीब्जला ग्रासणारा मिआस्मा एका विशिष्ट वधातून आलेला आहे. 'विटाळ' हा शब्द वापरल्यास कृतीचे ओझे आणि जन्माचा कलंक यांची गल्लत होण्याचा धोका असतो. ही गल्लत अन्यायकारकही आहे.

भारतीय परंपरेतही हेतू आणि कृती यांचा हा भेद आढळतो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात अकामतः आणि कामतः घडलेल्या पापांच्या प्रायश्चित्ताचा स्वतंत्र विचार आहे. वाल्मीकी रामायणात दशरथ हत्ती समजून आवाजाच्या रोखाने बाण सोडतो आणि तो तपस्व्याच्या पुत्राला लागतो. नेम चुकलेला नाही, लक्ष्य चुकले आहे. कृत्य अजाणता घडले म्हणूनच तू जिवंत आहेस, असे तो वृद्ध पिता सांगतो, आणि तरीही शाप देतो. अज्ञान दशरथाचा अपराध हलका करते. त्याच्या हातून घडलेले नाहीसे करीत नाही.

बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली नैतिक दैवाविषयी लिहिताना याच प्रश्नाला आधुनिक रूप दिले. ज्याची काहीही चूक नसताना ज्याच्या मालमोटारीखाली मूल सापडले, असा चालक त्यांनी कल्पिला आहे. भोवतालचे लोक त्याचे सांत्वन करतील आणि ते योग्यच असेल; पण तो चालक दुरून पाहणाऱ्यासारखा सहज मोकळा झाला, तर त्याच्याविषयी शंका वाटू लागेल. त्याची व्यथा प्रेक्षकाच्या हळहळीहून वेगळी असते, कारण ती कर्त्याची व्यथा असते. १९९३ सालच्या 'शेम अँड नेसेसिटी' या ग्रंथात विल्यम्स हाच विचार ईडिपसपर्यंत नेतात : माणसाच्या आयुष्यावर त्याने जाणून केलेल्या गोष्टींप्रमाणेच त्याच्या हातून झालेल्या गोष्टींचाही अधिकार चालतो. अपराधाशिवाय जबाबदारी असू शकते, आणि शोकात्मिका ही त्या जबाबदारीची कला आहे.

६

या विवेचनातून शोकात्मिकेच्या इतर संज्ञांचे परस्परसंबंधही अधिक स्पष्ट होतात. हमार्तिया ही चूक असेल, म्हणजे तिच्या केंद्रस्थानी अज्ञान असेल, तर अभिज्ञान हे तिचे तर्कसंगत उत्तर ठरते; जे नकळत झाले, ते कळणे. ॲरिस्टॉटल ईडिपसच्या कथानकात स्थित्यंतर आणि अभिज्ञान एकाच क्षणी घडते म्हणून त्याची प्रशंसा करतो. पॉलिबसच्या मृत्यूची वार्ता घेऊन आलेला कॉरिंथचा दूत राजाची भीती घालवू पाहतो आणि त्यातूनच सत्य उघडे पडते. हमार्तिया स्वभावदोष मानली, तर अभिज्ञानाला असे स्थान उरत नाही. तापट माणसाला आपण तापट आहोत हे कळले, तर तो फार तर पश्चात्ताप करील. 'शोकांतिका' या शब्दाची मर्यादाही येथे दिसते. शेवटी शोक आहे म्हणून हे नाटक शोकात्म नाही. जाणण्याचाच अनुभव शोकमय आहे म्हणून ते शोकात्म आहे. म्हणूनच 'शोकात्मिका' हा पर्याय अधिक समर्पक ठरतो.

या प्रश्नाचे महत्त्व ग्रीक नाटकापुरते मर्यादित नाही. कुसुमाग्रजांच्या 'नटसम्राट'मध्ये (१९७०) गणपतराव बेलवलकर आपली मिळकत मुलांना वाटून टाकतात. या कृतीला भाबडेपणाचा वा आत्मगौरवाचा दोष म्हणावयाचे, की विश्वास ठेवणाऱ्या माणसाची चूक? पहिला शब्द निवडल्यास नाटक म्हाताऱ्यांनी घ्यावयाच्या खबरदारीचा धडा बनते. दुसरा निवडल्यास वाचकाला त्या वत्सलतेची किंमत मोजावी लागते, आणि मुलांच्या वर्तनाचा प्रश्नही झाकला जात नाही.

'करावे तसे भरावे' ही म्हण नीतीच्या शिकवणीसाठी उपयुक्त असेल; परंतु तिचा व्यत्यास सत्य नाही. जो भरतो, त्याने तसे केलेच असेल, असे म्हणता येत नाही. आपत्तीत सापडलेल्या माणसाकडे पाहून त्याने पूर्वी वा पूर्वजन्मी काय केले असेल, असे विचारण्याची सवय समाजात खोलवर रुजलेली आहे, आणि ती विचारणाऱ्याला आश्वस्त करते : आपण तसे काही केलेले नाही, म्हणून आपण सुरक्षित आहोत. स्वभावदोषाचा सिद्धान्त हेच आश्वासन समीक्षेच्या परिभाषेत देतो. ॲरिस्टॉटलने भीतीची अट घातली ती नेमकी या सुरक्षिततेच्या विरोधात. नायक आपल्यासारखा आहे, म्हणून भीती वाटते. त्याच्यात दोष सापडला, की तो आपल्यासारखा राहत नाही आणि भीती संपते. वर्गात, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत वा समीक्षालेखात 'हमार्तिया'साठी कोणता शब्द लिहावयाचा हे ठरविताना, दुःख भोगणाऱ्या माणसाशी आपले नाते काय, हेही ठरत असते.